वायपरच्या मोटारी, सहा चाकं आणि राहूतलं एक शेड

राहूत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधला आमचा हा भाग, राहू बेट. ऊस, गुऱ्हाळं आणि नदीवरच्या मोटारी यांवर इथलं सगळं चालतं. जळालेली मोटार खोलायची, काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी भरायची, वार्निश पाजून वाळवायची, हे माझं रोजचं काम. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि नंतर त्याच्या पोटातून २६ किलोचा, सहा चाकांचा ‘प्रज्ञान’ हळूहळू खाली आला. सगळा देश पाहत होता तसा मीही पाहत होतो. माझी नजर मात्र चाकांवर खिळली. ती फिरवणाऱ्या शेवटी मोटारीच की! हा विचार डोक्यातून जाईना. त्यातून दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक रोव्हर उभा राहिला. तो करता करता जे उमगलं ते मांडतोय. तुमचं वेड कदाचित दुसऱ्या कशाचं असेल, त्याचे धडेही दुसरे असतील.

१. लागणारं सामान बहुतेक वेळा आधीच आजूबाजूला पडलेलं असतं. मला हव्या होत्या जास्त जोराच्या, कमी वेगाच्या, बारा व्होल्टच्या मोटारी. टेम्पोच्या काचेवरचा वायपर हलवणारी मोटार नेमकी तशी असते. आत वर्म गिअर असतो. त्यानं वेग उतरतो, जोर वाढतो आणि करंट बंद केला तरी चाक चढावरून मागे सरकत नाही. भंगारात अशा मोटारी किलोच्या भावानं मिळतात. त्यांचे कार्बन ब्रश बदलले, बुश साफ केले, ग्रीस भरलं की त्या पुन्हा कामाला तयार.

इथे एक गमतीची गाठ आहे, आणि ती मला फार आवडते. बऱ्याच वायपर मोटारींचं एक टोक थेट त्यांच्या लोखंडी अंगालाच जोडलेलं असतं. गाडीत ते चालून जातं, कारण तिथे मोटार एकाच दिशेनं फिरते. रोव्हरला मागे जायचं असतं, जागेवर वळायचं असतं. म्हणजे डाव्या बाजूच्या मोटारींना सरळ आणि उजव्या बाजूच्यांना उलटा करंट द्यावा लागतो. लोखंडी सांगाड्यावर हे केलं तर सांगाड्यातूनच शॉर्ट होणार. माझा सांगाडा पीव्हीसी पाइपांचा होता. पाइपलाइनच्या कामांतून उरलेले तुकडे, टी आणि एल्बो घरात होते म्हणून तो तसा झाला. पीव्हीसीतून करंट जात नाही. प्रत्येक मोटार आपोआप दुसरीपासून वेगळी राहिली. लोखंडाची ऐपत असती तर रबरी वॉशर, नायलॉनचे बोल्ट, केवढा खटाटोप करावा लागला असता! गरिबीचं कौतुक करण्यात मला रस नाही, पैसे असलेले बरेच. पण हाताशी जे आहे त्याचे गुण नीट माहीत असणं ही स्वतंत्र श्रीमंती आहे, हे त्या दिवशी पटलं.

२. यंत्रातली बुद्धी मोटारीपेक्षा सांध्यात जास्त असते. हे कळलं आणि मी मोटारवाला असून जरा गप्प झालो. मंगळावरच्या रोव्हरांना स्प्रिंग नसतात. १९९७ मध्ये उतरलेल्या साडेदहा किलोच्या ‘सोजर्नर’पासून ‘प्रज्ञान’पर्यंत एकच युक्ती चालत आली आहे, रॉकर-बोगी. प्रत्येक बाजूला एक लांब हात. त्याच्या एका टोकाला एक चाक, दुसऱ्या टोकाला खिळीवर झुलणारा आखूड हात आणि त्याला दोन चाकं. दोन्ही बाजूंचे लांब हात मधल्या एका दांड्यानं जोडलेले. एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची पाच जमीन सोडत नाहीत, आणि वरची पेटी दोन्ही बाजूंच्या कलाची सरासरी घेऊन बरीचशी सपाट राहते.

खीळ नेमकी कुठे मारायची यावर मी कागदावर आकडेमोड करत होतो. शेजारच्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी तो कागद पाहिलाच नाही. त्यांनी सांगाडा उचलला, पाइपाखाली बोट धरून तो मागेपुढे सरकवला आणि एका जागी खडूची खूण केली. “इथं. सगळ्या चाकांवर वजन सारखं पडाया पाहिजे ना?” मी मोजलं. आखूड हातावर दोन चाकं म्हणजे दोन वाटे वजन, पलीकडे एक चाक म्हणजे एक वाटा. म्हणून खीळ दोन चाकांच्या बाजूला एक भाग आणि एका चाकापासून दोन भाग अंतरावर हवी. शाळेत शिकलेली तरफ. मिस्त्रींची खूण बोटभरही चुकलेली नव्हती. मधल्या दांड्यासाठी त्यांनी ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगचे जुने बॉल जॉइंट काढून दिले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. त्यांना फक्त ते हलताना बघायचं होतं.

३. मोटारींना आदेश देणाऱ्या कंट्रोलरला आणि चाकांना एकाच बॅटरीवरून थेट वीज देऊ नये. फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी चांगली असते, पण सहा मोटारी एकदम जोर लावतात तेव्हा व्होल्टेज खाली येतं आणि कंट्रोलर बंद पडून पुन्हा सुरू होतो. गाडी दोन पावलं चालते, थबकते, पुन्हा चालते. कंट्रोलरला छोटी वेगळी बॅटरी दिली की हा आजार जातो. ज्याला रोव्हर करायचा आहे त्याच्या कामाची गोष्ट म्हणून नोंदवली.

४. शिकवणारं माणूस वयानं लहान असलं की शिकणं अधिक नितळ होतं. माझं शिक्षण आयटीआयचं. तारेची जाडी मी बोटांनी ओळखतो, पण कंट्रोलरमधला प्रोग्रॅम माझ्यासाठी नवा प्रांत. भाची अकरावीला, ती सुट्टीत आली होती. तिनं कंट्रोलर हातात घेतला आणि म्हणाली, “मामा, याला एकावेळी एकच गोष्ट सांगायची. नीट सांगायची. आणि त्यानं काय ऐकलं ते त्यालाच परत विचारायचं.” एवढ्या एका वाक्यावर मला पुढचं सगळं समजत गेलं. स्क्रीनवर इंग्रजीत चूक दाखवली जायची तेव्हा मी घाबरून संगणक बंद करायला निघायचो. ती शांतपणे ओळ नंबर बघायची. बदल्यात ती वाइंडिंग शिकली. स्टेटरचे खाचे मोजणं, कॉइलची पिच धरणं, गाठ न पडू देता तार उतरवणं. आमच्या घराण्यात मुलींनी हे काम कधी केलं नव्हतं. त्याला कारण काहीच नव्हतं, कुणी त्यांच्या हातात तार दिली नव्हती एवढंच. तिनं भरलेली पहिली मोटार आजही एका गुऱ्हाळावर चालू आहे. मी त्या बाजूला गेलो की मुद्दाम थांबून तिचा आवाज ऐकतो.

५. चिखलाचं शास्त्र मोटारवाल्याला येत नाही. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी धरते की चाकाचा नुसता गोळा होतो. बोअरच्या केसिंग पाइपाचे काप ही माझी चाकं, वरून टायरच्या रबराची पट्टी. कोरड्या बांधावर रोव्हर देखणा चालायचा, आणि पाणी दिलेल्या सरीत उतरला की रुतायचा.

हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, रानाच्या कडेला कोप्या पडतात. बीडकडच्या एका टोळीतली नऊ-दहा वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी शेडच्या दाराशी उभी राहायची. शाळा मागे गावाकडे राहिलेली, धाकट्या भावाला कडेवर घेतलेलं. एकदा रोव्हर सरीत फसला आणि आम्ही मोठी माणसं जास्त ताकदीची बॅटरी लावू का, गिअर बदलू का, याची चर्चा करत बसलो. तिनं भावाला खाली ठेवलं, ओंजळभर पाचट आणलं आणि पुढच्या दोन्ही चाकांखाली दाबून सारलं. “ट्रॅक्टर फसला की आमचे आबा असंच करत्यात.” रोव्हर निघाला. मग रोव्हर चालवायचा मोबाइल मी तिच्या हातात दिला. अंधार पडेपर्यंत तो रोव्हर तिनं चालवला, आणि फार छान चालवला. वळताना ती वेग कमी करायची, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या पाचटावरून मला चाकांवर आडव्या पट्ट्या मारायचं सुचलं. घसरणाऱ्या चाकाला अडकायला काहीतरी हवं असतं.

नंतर वाचलं की मंगळावरचा ‘स्पिरिट’ रोव्हरही मातीतच अडकला होता. जानेवारी २००४ मध्ये तो उतरला. २००६ मध्ये त्याचं पुढचं एक चाक बंद पडलं, तर त्याला चालवणाऱ्यांनी तो उलटा चालवायला घेतला, बंद चाक ओढत. त्या ओढलेल्या चाकानं जमिनीत चर पडली आणि २००७ मध्ये तिच्यात पांढरी माती दिसली. त्या मातीत सिलिका भरपूर निघाली. म्हणजे त्या जागी कधीकाळी गरम पाणी किंवा वाफ असणार. धड चाकानं ही माती उकरली गेलीच नसती. २००९ मध्ये तो भुसभुशीत मातीत रुतला. तेव्हा कॅलिफोर्नियात त्याच्यासारखीच गाडी मातीत उतरवून, त्याला कसं सोडवायचं याचे प्रयोग झाले. तो निघाला नाही. पण तिथली माणसं मातीत गुडघे टेकून चाकाखाली बघत होती, हे कळलं तेव्हा मला त्या मुलीची फार आठवण आली. ती तिथे असती तर त्यांनी तिला जागा करून दिली असती, असं मला मनापासून वाटतं.

६. यंत्राला चालायच्या आधी थांबायला शिकवावं. मंगळाशी बोलायचं तर संदेशाला एका बाजूनं जायला अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटं लागतात. तिथला रोव्हर कुणी हातात रिमोट धरून चालवूच शकत नाही. दिवसभराची कामं एकदम सांगायची आणि बाकी त्याच्यावर सोपवायची. चंद्र जवळ, तरी ‘प्रज्ञान’ला जपून पावलं टाकावी लागली. २७ ऑगस्ट २०२३ला त्याच्यापुढे तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला, आणि बंगळूरहून त्याला मागे फिरवून नव्या वाटेनं नेलं. आमच्या उसातही हीच पंचाईत. उसाची पानं पाण्यानं भरलेली, त्यांत वायफाय काही अंतरावर मरतं. म्हणून आमच्या रोव्हरला भाचीनं पहिला नियम दिला: ठरलेल्या वेळात आदेश आला नाही तर आहेस तिथे उभा राहा. तो नियम लिहिला गेला आणि माझ्या जिवाला स्वस्थता आली.

७. मंगळ आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बेसाल्टचाच. बुलढाण्यातलं लोणारचं विवर बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं, म्हणून मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तिथे येतात. आमची काळी माती त्याच पाषाणाची झीज. आणि ओली झाली की फुगणाऱ्या ज्या चिकणमातीनं माझी चाकं धरली, त्याच जातीची चिकणमाती ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरला मंगळावरच्या गेल विवरात सापडली. हे वाचून मी त्या रात्री सरीतली मूठभर माती शेडमध्ये आणून टेबलावर ठेवली. घरच्यांनी काही विचारलं नाही, त्यांना आता सवय झाली आहे.

मंगळाशी आणखी एक धागा आहे. आमच्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. ती उभारणाऱ्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी त्या भरीव पत्र्याच्या केल्या नाहीत, पोलादी तारांवर बारीक जाळी ताणून केल्या. वजन कमी, वाऱ्याचा रेटा कमी, खर्चही कमी. तारेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, ते सांगायला नकोच. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं ‘शियापरेली’ यान मंगळाच्या वातावरणात शिरलं तेव्हा त्याचा क्षीण संदेश खोडदला पकडला गेला. यान उतरण्याच्या थोडं आधी संदेश तुटला, यान आदळून नष्ट झालं. पण ते खाली येत असताना त्याचा आवाज ऐकणारे कान द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या रानांमध्ये होते. दरवर्षी विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, ही दुर्बीण लोकांसाठी खुली असते आणि गावोगावच्या शाळांची पोरं आपापले प्रयोग घेऊन येतात. मुलांना एकदा तरी न्यावं. त्या तबकडीखाली उभं राहून वर बघितलेलं पोर घरी वेगळ्या चालीनं परत येतं.

८. “याचा उपयोग काय?” हा प्रश्न रागानं विचारलेला नसतो. सुरुवातीला मला तो बोचायचा. मग लक्षात आलं, शेतकऱ्याच्या घरात प्रत्येक वस्तूला हा प्रश्न विचारला जातो. बैलाला, इंजिनाला, नव्या बेण्याला. रोव्हरला का नको? पहिल्या दिवसापासून उत्तर तयार नसलं तरी चालतं, एवढं मात्र मी ठरवून टाकलं होतं.

उत्तर नंतर आलं. शेतीची थ्री-फेज वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीची असते. रात्री बाराला बारे द्यायला जायचं, आणि शिरूर-दौंडच्या उसात बिबट्या असतो हे काही गुपित नाही. पिल्लं उसातच होतात, उसातच वाढतात. या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. आमच्या वडिलांना बॅटरी घेऊन एकट्यानं सरीच्या तोंडाशी जाताना पाहिलं की पोटात कालवाकालव व्हायची. रोव्हरवर एक जुना मोबाइल बसवला, दिवा लावला आणि बांधावरून तो सरीच्या टोकापर्यंत पाठवायला लागलो. पाणी पोचलं का, पाट कुठे फुटला का, हे घरातल्या पलंगावर बसून दिसतं. उसाच्या आत तो अजून नीट जात नाही. साध्या जीपीएसची चूक काही मीटरची, दोन सऱ्यांमधलं अंतर चार-पाच फुटांचं. तेवढ्यात तो शेजारच्या सरीत शिरलेला असतो. बारं मोडायला माणूसच लागतं, तेही काम त्याला येत नाही. पण निम्म्या खेपा वाचल्या. पहिल्या रात्री वडील बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, “जरा डावीकडं घे, तिथं उंदराचं बीळ आहे, पाणी तिथनं जातंय.” ज्यांनी उपयोग विचारला होता तेच आता उपयोग सांगत होते.

९. उत्तेजन देणं म्हणजे जागा देणं. या एका मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे. ‘मोठी स्वप्नं बघा’ असं मुलांना सांगणारी माणसं खूप आहेत, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण स्वप्न ऐकून झाल्यावर मुलगा घरी जातो, तिथे पक्कड नसते, सोल्डरिंग गन नसते, मोडली तरी चालेल अशी एकही वस्तू नसते.

हे फार पूर्वी ओळखलेला माणूस आमच्या शेजारी होऊन गेला. भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग, अमेरिकेतून डॉक्टरेट करून आलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर असलेले. ते सगळं सोडून पत्नीसह पाबळच्या कोरडवाहू माळावर येऊन राहिले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, जनावरं हे सगळं करून शिकतात, आणि गावाची खरी कामं करता करता शिकतात. वापरलेल्या जीपच्या भागांतून तिथे छोटा ट्रॅक्टर तयार झाला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवायची कार्यशाळा, निघाली ती कुठल्या महानगरात नाही, पाबळला. पुढच्याच वर्षी कलबाग गेले. आश्रम चालू आहे. रोव्हर करताना मला कितीदा वाटलं, की आपण जे धडपडून शोधतोय ते नदीपलीकडे चाळीस वर्षं रोज चाललेलं आहे. त्यानं मला खूप धीर दिला.

माझं काम त्या मानानं एवढंसं. शेडमध्ये एक टेबल मुलांसाठी मोकळं ठेवलं आहे. त्यावर मल्टीमीटर आहे, सोल्डरिंग गन आहे, खराब मोटारी आहेत. खराब मोटारी फार महत्त्वाच्या, कारण त्या खोलताना कुणाला भीती वाटत नाही. कधी गुऱ्हाळावर काम करणाऱ्या उत्तर प्रदेशातल्या भय्यांची मुलं येतात, कधी आमच्या आळीतली. एकाला रोव्हरमध्ये अजिबात रस नाही, त्याला रेडिओ ऐकायचा आहे. तो तारेची कॉइल गुंडाळत बसतो. एकीला चाकं असलेला नको, पाय असलेला हवा आहे. मी तिला सहा पायांच्या किड्यांची चित्रं दाखवली, तर ती दुसऱ्या दिवशी डबीत खरा किडाच घेऊन आली. पाय कोणत्या क्रमानं उचलतो ते आम्ही अजून लिहून काढतोय; मधला पाय फार भरभर हलतो.

रविवारी दुकान बंद असतं, मागचं शेड उघडं असतं. पुढच्या महिन्यात सरीत शिरणाऱ्या रोव्हरसाठी चाकांजवळ चुंबक आणि सेन्सर बसवायचे आहेत, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजता येईल. वायपरच्या मोटारी जास्तीच्या आणून ठेवल्या आहेत. ज्यांना हात काळे करायचे असतील त्यांनी जुने कपडे घालून यावं, आणि घरात बंद पडलेलं काही असेल तर तेही घेऊन यावं.